आपल्या त्वचेवर ‘लाल’ कसं दिसतं?

“इज इट रेड?” फोनवरच्या डॉक्टरांनी विचारलं. मी पायाकडे बघितलं. डाव्या नडगीवर रुपयाएवढे तीन चट्टे होते. तपकिरी, कडेला जरा जांभळट, वरून भुरकट. लाल काही म्हणता आले नसते. मी प्रामाणिकपणे “नॉट रिअली” म्हणाले. मग कोरडी त्वचा असेल, हिवाळा आहे, मॉइश्चरायझर लावत राहा, असं ठरलं आणि फोन संपला.

गंमत अशी की तेव्हा मी इंग्लंडमध्ये पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि माझा विषय होता सोरायसिस. दिवसभर त्वचेच्या पेशी डिशमध्ये वाढवायच्या, त्यांना दाह निर्माण करणारी प्रथिनं द्यायची आणि त्या कशा वागतात ते बघायचं, हे माझं काम. माझ्या प्रत्येक प्रेझेंटेशनच्या दुसऱ्या स्लाइडवर एकच फोटो असायचा: गोरं कोपर, त्यावर लालभडक चट्टा, चट्ट्यावर चांदीसारखे पापुद्रे. तो फोटो मी इतक्या वेळा दाखवलाय की झोपेतही काढून दाखवेन. आणि तोच आजार माझ्या स्वतःच्या पायावर बसलेला असताना दीड वर्ष मला ओळखता आला नाही. फोनवरच्या डॉक्टरांना काय बोलणार?

म्हणून हा लेख. सोरायसिस, इसब, लायकेन प्लेनस यांसारखे वर्षानुवर्षं चालणारे दाहाचे आजार सावळ्या, गव्हाळ, काळ्या त्वचेवर प्रत्यक्षात कसे दिसतात, ते सांगायचंय. स्वतःच निदान करावं असं मी म्हणत नाहीये. पण परदेशात पहिली भेट बहुतेकदा फोनवर किंवा दहा मिनिटांची असते, आणि त्यात आपण जे शब्द वापरतो त्यावर पुढचं बरंच काही ठरतं.

आधी रंगाचं बघू. रोममध्ये पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या लेखकाने दाहाच्या चार खुणा लिहून ठेवल्या: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आजही वैद्यकीय शिक्षण तिथूनच सुरू होतं. लाली कुठून येते? दाह सुरू झाला की त्वचेच्या खालच्या थरातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तिथे जास्त रक्त येतं. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा-पिवळा प्रकाश शोषून घेतं आणि लाल परत पाठवतं. हे सगळं खालच्या थरात घडतं, हा यातला कळीचा मुद्दा. त्याच्या वर बाह्यत्वचा असते आणि तिच्यात मेलॅनिन. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती मेलॅनिन बनवतात आणि ते कसं पसरवतात यात. आपल्याकडे हा वरचा पडदा दाट असतो. खालून येणारा लाल प्रकाश त्या तपकिरी पडद्यातून गाळून येतो. म्हणून आपल्याला दिसतं ते जांभळं, मातकट तपकिरी, कधी राखाडी, कधी नुसतंच ‘आजूबाजूपेक्षा जरा काळपट’. दाह तेवढाच असतो, फक्त त्याचा रंग वेगळा दिसतो.

घारे-गोरे असाल तर तुमच्यावर लाली दिसेलही. आपल्या एकाच घरात गोऱ्यापान आजीपासून काळ्यासावळ्या काकांपर्यंत सगळे असतात, त्यामुळे ‘भारतीय त्वचा’ म्हणून एकच काही नसतं. त्वचेचे रंग मोजायची जी फिट्झपॅट्रिक मोजपट्टी जगभर वापरतात, तीही १९७५ साली बोस्टनमध्ये एका मर्यादित कामासाठी तयार झाली होती: सोरायसिसच्या रुग्णांना अतिनील किरणांचे उपचार देताना सुरुवातीचा डोस किती ठेवायचा हे ठरवायला. तेव्हा त्यात गोऱ्या त्वचेचेच प्रकार होते. सावळा आणि काळा हे प्रकार नंतर जोडले.

लाली दिसली नाही तर नुसतं निदान चुकतं असं नाही, आजाराची तीव्रताही कमी मोजली जाते. सोरायसिस किती आहे हे ठरवायला ‘पासी’ नावाचा आकडा काढतात. त्यात लाली, जाडी आणि पापुद्रे या तिन्हींना गुण असतात. इसबाच्या मोजणीतही लालीला गुण आहेत. २००२ साली लंडनमधल्या शाळकरी मुलांच्या इसबावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लालीमुळे पडणारा फरक हिशेबातून बाजूला काढल्यावर कृष्णवर्णीय मुलांमध्ये तीव्र इसबाची शक्यता गोऱ्या मुलांच्या जवळपास सहापट निघाली. म्हणजे आजार जोरात होता, पण त्याचा रंग तसं सांगत नव्हता. आणि महागडी औषधं कोणाला द्यायची हे अशा आकड्यांवर ठरत असतं, हे लक्षात घ्या.

मग बघायचं काय? सेल्ससच्या यादीकडे परत जा. चारातली लाली सोडली तर उरलेल्या तिन्ही खुणांना रंगाची गरज नाही. चट्ट्यावरून बोटांची मागची बाजू हळूच फिरवा आणि शेजारच्या चांगल्या त्वचेवरूनही. तो भाग जास्त गरम लागतो का? डोळे मिटून कड लागते का, म्हणजे चट्टा उंचावलेला आहे का? जाड झालाय का? खाजतोय की दुखतोय? मला माझ्या चट्ट्याची कड डोळ्यांनी कधीच नीट कळली नव्हती, बोटाला मात्र लगेच कळली.

सोरायसिसमध्ये ही जाडी ठळक असते. बाह्यत्वचेची पेशी तळाशी जन्मून वर येऊन गळून पडायला एरवी चारेक आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. घाईत आलेल्या पेशी पक्व झालेल्या नसतात, एकमेकींना धरून थरावर थर साचतात, मधे हवा अडकते आणि ती हवा चांदीसारखी चमकते. सावळ्या त्वचेवर हे पापुद्रे चांदीपेक्षा राखाडी दिसतात, आणि खालचा चट्टा जांभळा किंवा गडद तपकिरी. कड अगदी रेखीव असते, नकाशातल्या बेटासारखी. आता इथे आपली एक सवय आड येते. आईने व्हिडिओ कॉलवर पाय बघितला आणि तिचं निदान तयार होतं: “थंडीने उललंय गं, खोबरेल चोळ रात्री.” मी इमानेइतबारे चोळलं. तेलाने वाईट काहीच होत नाही, उलट त्वचा मऊ राहते. पण तेलाने त्या फटींमधली हवा जाते, पापुद्रे पारदर्शक होतात आणि ओळखीची सगळ्यात मोठी खूण दिसेनाशी होते. डॉक्टरांकडे जायच्या दिवशी सकाळी तिथे तेल, व्हॅसलीन, काहीही लावू नका. हा एवढा साधा सल्ला मला कोणी दिला असता तर!

जागाही बोलतात. सोरायसिस कोपराच्या टोकावर, गुडघ्याच्या वाटीवर, नडगीवर, कमरेत मागे, बेंबीत, कानामागे, आणि नितंबांच्या मधल्या खाचेत बसतो. ही शेवटची जागा कोणी आपणहून दाखवत नाही आणि घाईत कोणी बघतही नाही. डोक्यात झाला तर वर्षानुवर्षं ‘कोंडा’ म्हणून शांपू बदलत राहतो आपण. साधा कोंडा भुरभुरतो. सोरायसिसची खपली जाड असते, बोटांना उंचवट्यासारखी लागते आणि केसांची रेषा ओलांडून कपाळावर किंवा मानेवर येते.

इसब उलट्या जागा पकडतं: कोपराच्या आतली घडी, गुडघ्याच्या मागची लवण, मान, मनगट, पापण्या. हे पुस्तकातलं. आपल्या त्वचेवर मात्र इसब पुष्कळदा घड्या सोडून हातापायांच्या बाहेरच्या बाजूलाही येतं, आणि चट्ट्याऐवजी केसांच्या मुळांशी बारीक दाणे येतात. अंगावर काटा आल्यासारखे, पण हा काटा जातच नाही. खाजवून खाजवून कातडी जाड होते, तिच्यावरच्या रेघा खोल आणि ठळक होतात, रंग काळवंडतो. लहान मुलाच्या कोपरात असं दिसलं की घरात “घासून अंघोळ घाल जरा” असं कोणीतरी म्हणतंच. ती मळाची पुटं नाहीत. घासून ते वाढतं.

मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा घोट्याजवळ चपट्या माथ्याच्या, चकचकीत, गडद जांभळ्या, भयंकर खाजणाऱ्या पुळ्या आल्या, तर लायकेन प्लेनसचा विचार करतात. आरशासमोर गालाच्या आतली बाजू बघा. तिथे पांढऱ्या रेषांची जाळी दिसली तर दुजोरा मिळतो. हा आजार आपल्यासारख्या त्वचेवर जाताना गडद डाग ठेवून जातो. त्याचा एक प्रकार तर पुळ्या न येताच चेहऱ्यावर आणि मानेवर राखाडी-तपकिरी रंग पसरवतो. त्याचं वर्णन १९७४ साली भारतातल्याच डॉक्टरांनी केलं. लोक त्याला उन्हाने रापणं समजतात.

आणखी एक आजार नाव घेऊन सांगते, कारण तो तुमच्या वयात सुरू होतो आणि लाजेमुळे लपतो: हायड्राडेनायटिस सपुरेटिव्हा. काखेत, जांघेत, स्तनांखाली पुन्हा पुन्हा दुखरी गळवं येतात, फुटतात, व्रण राहतात, परत तिथेच येतात. आपण म्हणतो उष्णता झाली, केसतूड झालं, रेझर लागला. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त वेळा त्याच भागांत असं होत असेल, तर दर वेळी अँटिबायोटिक घेऊन भागवू नका. या आजाराचं नाव कळायला लोकांना सरासरी सात ते दहा वर्षं लागतात. तेवढ्यात त्वचेखाली बोगदे तयार होतात, मग शस्त्रक्रियेला पर्याय उरत नाही. अस्वच्छतेशी त्याचा काही संबंध नाही, हे आधी स्वतःला सांगा.

एक गोष्ट मात्र सगळ्या आजारांना लागू आहे आणि तिच्यावरून फार गोंधळ होतो. दाह शमला तरी सावळ्या त्वचेवर काळा डाग मागे राहतो, महिनोन् महिने. कधी उलट, फिकट डाग राहतो. आपल्याला वाटतं औषध लागू पडत नाहीये. किंवा डॉक्टरांना वाटतं, डागच तर आहेत, आजार संपला. हात फिरवून बघायचं ते याच्यासाठी. सपाट, गुळगुळीत, न खाजणारा, शेजारच्या त्वचेइतकाच थंड असेल तर बहुधा मागे राहिलेला रंग आहे. कड लागते, पापुद्रा निघतो, खाज आहे, तर आत आजार चालू आहे, रंग काहीही असो. आणि हो, पुष्कळ जणांना आजारापेक्षा या डागांचाच जास्त त्रास होतो. लग्नाच्या फोटोंपासून ते पोहायला जायच्या संकोचापर्यंत. तोही डॉक्टरांना सांगण्यासारखा त्रास आहे.

आता मावशीची ट्यूब. दिवाळीत पुण्याला गेले, मावशीने पाय बघितला आणि कपाटातून ट्यूब काढली: “चार दिवसांत जातं, आमच्याकडे सगळ्यांना हीच.” खरंच गेलं चार दिवसांत! मी पाच ट्यूब घेऊन परत आले. त्वचेवर संशोधन करणाऱ्या बाईने वर छापलेलं वाचलंही नाही, हे लिहितानाही लाज वाटते. त्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, सगळं एकत्र होतं. स्टेरॉइडने दाह दबतो, त्यामुळे काहीही असलं तरी आधी बरं वाटतं. बंद केलं की परत उसळतं. नायटा असेल तर स्टेरॉइडखाली बुरशी पसरते आणि तिची ती ओळखीची गोल कड पुसली जाते, मग निष्णात डॉक्टरही चकतो. चेहऱ्यावर लावत राहिलं तर त्वचा पातळ होते, पुळ्या येतात, केस वाढतात. भारतात २०१८ पासून अशी तीव्र स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा स्पष्ट नियम आहे. दुकानात काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. स्टेरॉइड वाईट नाहीत, डॉक्टरांनी किती दिवस आणि कुठे ते सांगून दिलेली ट्यूब बिनधास्त वापरा. पण सुटकेसमधून आलेली वापरत असाल तर तिचं नाव, लावायला सुरुवात कधी केली आणि बंद कधी केली, हे सांगा. लपवू नका. तिने चित्र बदललेलं असतं.

माझं निदान शेवटी झालं ते नखांवरून. एका परिषदेत चहाच्या वेळी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी माझा कप धरलेला हात बघितला आणि विचारलं, “सोरायसिस आहे ना?” माझ्या दोन नखांवर शिवणाच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे होते आणि एका नखाखाली तेलाचा थेंब पसरल्यासारखा पिवळट डाग. मला वाटायचं, भांडी घासून झालंय. खड्डे इतर कारणांनीही पडतात, पण पायावरच्या चट्ट्यांसोबत ते दिसले की शंका फारशी उरत नाही. नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे उपचारांचा फरक नखात दिसायला सहा महिने लागतात, एवढा धीर धरावा लागतो.

त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला: सकाळी बोटं आखडतात का? आखडत होती. दिवसभर पिपेट धरून होत असेल असं मी गृहीत धरलं होतं. सोरायसिस असलेल्यांपैकी काही जणांना, काही पाहण्यांत तीस टक्क्यांपर्यंत, सांध्यांचा दाह होतो, आणि बहुतेकांमध्ये त्वचा आधी, सांधे नंतर. सांध्याची झीज झाली की ती भरून येत नाही. वेळ गेला तर खरं नुकसान इथे आहे, चट्ट्यात नाही. ब्रिटनमध्ये सोरायसिसच्या रुग्णाला दर वर्षी पाच प्रश्न विचारले जावेत अशी अपेक्षा असते: कधी सांधा सुजलाय का, डॉक्टरांनी संधिवात आहे असं सांगितलंय का, नखांवर खड्डे आहेत का, टाच दुखते का, एखादं बोट कारण नसताना पूर्णच्या पूर्ण सुजून दुखलंय का. तीन उत्तरं ‘हो’ आली तर सांध्यांच्या तज्ज्ञांकडे पाठवतात. पण ‘कोरडी त्वचा’ एवढीच नोंद असेल तर हे प्रश्न तुम्हाला कोण विचारणार?

लहानपणी ऐकलेल्या दोन शब्दांबद्दल इथे बोलायला हवं. ‘कोड’ आणि ‘महारोग’. चट्टा म्हटलं की घरातली जुनी माणसं आधी दार लावून घेतात ती या दोन शब्दांच्या भीतीने. सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची गल्लत फार जुनी आहे. युरोपातही व्हिएन्नाच्या हेब्रा यांनी १८४१ मध्ये दोन्ही वेगळे करेपर्यंत ती चालू होती. सोरायसिस, इसब, लायकेन यांपैकी काहीही स्पर्शाने पसरत नाही, ताट-टॉवेल वेगळं करायची गरज नाही. पण चट्टा फिकट असेल आणि त्यावर स्पर्श, गरम-गार, टोचणं कळत नसेल, तर ते मुद्दाम सांगा, आणि तुम्ही भारतात वाढलात हेही सांगा. इथल्या डॉक्टरांना कुष्ठरोग सहसा सुचत नाही. तो पूर्ण बरा होतो, औषधं सुरू व्हायला उशीर होता कामा नये इतकंच.

एक शोध डॉ. कोबनर यांच्या नावाने ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या लक्षात आलं की सोरायसिसच्या रुग्णाला जिथे इजा होते, तिथेच काही दिवसांनी नवा चट्टा उठतो. त्यांनी सांगितलेल्या उदाहरणांत घोड्याने चावलेली जागा होती आणि गोंदणही होतं. आपल्याकडे परकराची नाडी जिथे काचते तिथे कमरेभोवती ओळीने चट्टे येतात. तुमच्यापैकी कोणी टॅटूचा विचार करत असेल आणि घरात सोरायसिस किंवा लायकेन असेल, तर आधी विचारून घ्या.

फोटो पाठवायचा असेल तर दिवसा खिडकीशी काढा. फ्लॅश बंद, कुठलाही फिल्टर बंद. कित्येक फोन त्वचा आपोआप गुळगुळीत करतात, ते तपासा. एक फोटो लांबून, कुठला भाग आहे ते कळेल असा. एक जवळून, शेजारी नाणं ठेवून आणि चट्ट्यासोबत चांगली त्वचा दिसेल असा. एक तिरक्या उजेडात, म्हणजे उंचवट्याची सावली पडते. आणि “लाल आहे का” असं विचारलं तर नुसतं ‘नाही’ म्हणून थांबू नका. “माझी त्वचा सावळी आहे, तिथे ती जांभळट-तपकिरी झालीय, जाड आहे, गरम लागते, पापुद्रे निघतात, दहा आठवडे झाले,” असं म्हणा. ‘माइंड द गॅप’ नावाची एक पुस्तिका २०२० मध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेसमधल्या मलोन मुक्वेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकांबरोबर काढली, काळ्या-सावळ्या त्वचेवरच्या खुणांची. ती फुकट वाचता येते. डॉक्टरांशी बोलताना तिचं नाव घ्यायला संकोचू नका. मी घेतलंय, आणि समोरून वहीत लिहूनही घेतलं गेलंय.

माझी बोटं आता ठीक आहेत, नडगीवर काळे सपाट डाग उरलेत. दुसऱ्या स्लाइडवर आता दोन फोटो असतात. दुसरा माझ्या पायाचा आहे, तेल लावायच्या आधी काढलेला.